पाचव्या महिन्यापासून सव्वा महिन्यापर्यंत एकच ओळखीची सिस्टर: गोव्यात जमेल का?

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, सत्तरी
मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या काळजीच्या, पोस्टिंगमध्ये मी ओपीडीत गरोदर बायका तपासल्या, लेबर रूममध्ये बाळं हातात घेतली, वॉर्डात अंगावर पाजायला शिकवलं. पण या तिन्ही ठिकाणी एकच बाई मला कधीच भेटली नाही. लॉगबुक भरलं, बाळंतपण मात्र तुकड्यातुकड्यांनी शिकले.

ओपीडीत एक पहिलटकरीण होती. बीपी घेताना माझा हात धरून म्हणाली, "त्या दिसा तूं आसतलें मगो?" त्या दिवशी तू असशील ना? मी हो म्हटलं. चार दिवसांत माझं पोस्टिंग बदललं. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा मी मेडिकल वॉर्डात होते. दोघंही सुखरूप आहेत, पण माझं ते 'हो' अजून मनातून जात नाही.

ऑस्ट्रेलियात मिडवाइफरीच्या प्रत्येक विद्यार्थिनीला निदान १० बायकांची सोबत गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत करावीच लागते. आपल्याकडे दोन तरी द्या. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत. आपल्या आज्यांचा सव्वा महिना आणि पुस्तकातले सहा आठवडे जवळजवळ एकच आहेत.

स्टाफ नर्स, लेबर रूममध्ये २२ वर्षं
बाय, तुझी तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. लेबर रूममध्ये एका वेळी चार-पाच बायका कळा देत असतात. तू 'आपल्या' बाईजवळ बसलीस तर बाकीच्यांचे पार्टोग्राफ, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायचे तक्ते, कोण भरणार? ओळखीपेक्षा नजर तयार असलेली सिस्टर जवळ असणं मोठं. रक्तस्राव सुरू झाला की बाई तुझं नाव विचारत नाही. आणि शिकताना जितक्या जास्त डिलिव्हरी बघाल तितका हात बसतो. दोन बायकांच्या मागे वर्ष घालवलं तर तो कसा बसेल?

विद्यार्थिनी, सत्तरी
सिस्टर, आकडा कमी करा असं मी म्हणत नाही. लॉगबुकात भरायच्या डिलिव्हरींपैकी दोन अशा बायकांच्या असाव्यात, एवढंच. डोकं खाली आलंय की नाही हे मी ज्या पोटावर आठव्या महिन्यात पाहिलं, त्याच पोटावर कळांमध्ये पाहिलं तर माझा अंदाज बरोबर होता की चूक ते मला कळेल. आज ते कधीच कळत नाही.

आणि पुरावा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि १८ हजारांहून जास्त बायका होत्या. ओळखीच्या मिडवाइफकडून सलग काळजी मिळालेल्यांमध्ये सिझेरियन कमी झाली. गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात, ते काम आपण केलं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार इथे सिझेरियन ३९.५ टक्के होती आणि देशात २१.५. हा आकडा मला टोचतो.

स्टाफ नर्स
त्या चाचण्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या. तिथे मिडवाइफ हे स्वतंत्र पद आहे, ती स्वतःच्या जबाबदारीवर डिलिव्हरी करते. इथे २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेससाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलं. आधी तशा मिडवाइफ भरपूर तयार होऊ देत. विद्यार्थिनींच्या खांद्यावर हे ओझं नको.

दोन मुलांची आई, सावंतवाडी
मध्येच बोलते. माझं सासर पणजीत, तपासण्या तिकडे झाल्या. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी माहेरी आले. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे घराघरात ठरलेलं. शेवटी अडचण आली म्हणून पुन्हा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागलं. तुमची ती सिस्टर माझ्याबरोबर किती ठिकाणी फिरली असती? मला तर कार्डावर आधीच्या तपासण्यांचं नीट लिहिलेलं असतं तरी पुरलं असतं. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगून जीव थकला.

विद्यार्थिनी, सत्तरी
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पहिल्याच भेटीत विचारायला हवं, बाळंतपण सासरी की माहेरी. माहेरी असेल तर तिथल्या एएनएमला, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, आपणच फोन करून सगळं सांगायचं. आणि रात्रीसाठी दोघी विद्यार्थिनींची जोडी करायची, बाईला दोघींची ओळख असेल.

तिची वर्गमैत्रीण, काणकोण
तू हे मनापासून मांडतेस, तरी मी विरोधातच आहे. रात्री अडीचला फोन आला तर काणकोणहून मी निघू कशी? त्या वेळी बस नाही, बाबांना उठवायचं, सकाळी परत आठची ड्युटी. ती रात्र ड्युटीत धरणार असतील आणि गाडी कॉलेज देणार असेल तर माझं नाव घाल. तोपर्यंत मी कुठल्याही बाईला 'हो, असेन' म्हणणार नाही, कारण तुझ्यासारखं ते मलाही विसरता येणार नाही.