नागपूरहून परदेशातील थीम पार्कची कौटुंबिक सहल : मर्यादित खर्चात कुठे जावे आणि कसे जावे?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

सप्रेम नमस्कार. मुलांना परदेशातील एखादे मोठे थीम पार्क दाखवावे, हा विषय आमच्या घरी बरेच दिवस सुरू आहे. मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा सहाव्या वर्षात आहे, आणि सासूबाई सत्तरीला आल्या असल्या तरी त्यांना घरी एकटे ठेवून जाण्याची आमची मुळीच इच्छा नाही. म्हणजे आम्ही एकूण पाच जण. यजमानांची नोकरी आणि माझ्या शिकवण्या यांतून जे बाजूला पडले आहे त्यात ही सहल बसवायची आहे. चार लाखांच्या वर एक रुपयाही जाऊ नये, असे आम्ही ठरवले आहे.

सीताबर्डीवरील काही ट्रॅव्हल एजंटांकडून माहितीपत्रके आणली. बहुतेकांमध्ये सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड एकाच फेरीत दाखवण्याचे आश्वासन आहे, परंतु ज्या पार्कसाठी मुले आस लावून बसली आहेत, त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. उरलेला वेळ विमानतळ, बस आणि खरेदी यांतच जाईल असे दिसते. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटले: आमच्यासारख्या कुटुंबाने कोणते पार्क निवडावे, उन्हाळ्याची सुट्टी बरी की दिवाळीची, पॅकेज घ्यावे की स्वतः आखणी करावी, आणि नागपूरहून प्रवासाचा सोयीचा व स्वस्त मार्ग कोणता?

उत्तर (मनीषनगर, नागपूर)

ताई, तीन देशांची पत्रके आधी बाजूला ठेवावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलले की पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे लहान मूल आणि वयस्कर माणूस दोघेही सहलीच्या मध्यावरच थकतात. एक शहर, एक पार्क आणि त्या पार्कसाठी सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंतचा पूर्ण दिवस, एवढेच ठेवले तर तुमच्या रकमेत सिंगापूर बसू शकते.

तेथील सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क तुमच्या मुलांच्या वयाला योग्य आहे. मात्र वयापेक्षा उंचीचा विचार आधी करावा लागतो, कारण राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी असते आणि तेथे कोणतीही रदबदली चालत नाही. ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडसाठी किमान १०२ सेंटीमीटर, जुरासिक पार्कच्या रॅपिड्ससाठी १०७, ममीच्या राइडसाठी १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या मोठ्या रोलर कोस्टरसाठी १२५ सेंटीमीटर उंची लागते. आज संध्याकाळीच दोन्ही मुलांना बूट-चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभे करावे, डोक्यावर पट्टी आडवी धरून खूण करावी आणि टेपने मोजावे. मुलगा ११०-११५च्या दरम्यान भरला तर पहिल्या दोन राइड त्याला मिळतील आणि शेवटच्या दोन मिळणार नाहीत. हे त्याला घरीच समजावून सांगितले तर तेथे रांगेच्या टोकाशी रडारड होत नाही. ज्या राइडला लहान मूल चालत नाही, तेथे ‘चाइल्ड स्विच’ नावाची सोय असते: एक पालक मुलाला घेऊन थांबतो, दुसरा राइड करून येतो, आणि मग पहिल्या पालकाला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. ही सोय आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना माहीतच नसते, आणि मग आई किंवा बाबा यांपैकी एकाला दिवसभर बाकावर बसून राहावे लागते.

चार ते बारा वर्षांच्या मुलांना तेथे मुलांचे तिकीट लागते, म्हणजे तुमची दोन्ही मुले त्यात येतात. मोठ्यांचे तिकीट ऐंशी सिंगापूर डॉलरच्या पुढे, म्हणजे रुपयांत पाच हजारांच्या वर जाते. रांग टाळणारा एक्सप्रेस पास वेगळा विकत घ्यावा लागतो आणि गर्दीच्या दिवसांत त्याचीच किंमत तिकिटाच्या आसपास जाऊ शकते. तो टाळण्याचा उपाय म्हणजे योग्य दिवस निवडणे. विदर्भातील उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणून जून मोकळा मिळतो असे आपल्याला वाटते. परंतु सिंगापूरच्या शाळांना नेमकी मेअखेरपासून जूनअखेरपर्यंत सुट्टी असते आणि पार्क स्थानिक मुलांनी भरलेले असते. त्यांची वर्षअखेरची मोठी सुट्टी साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते. त्यामुळे आपल्या दिवाळीच्या सुट्टीतील मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार हे वार मला सर्वांत चांगले वाटतात. सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने पाऊस तेथे बारा महिने येतो; विजा चमकू लागल्या की उघड्यावरील राइड थांबवतात. म्हणून त्या राइड सकाळी उरकून घ्याव्यात आणि छताखालील राइड दुपारसाठी ठेवाव्यात.

आता प्रवासाविषयी. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. सगळे जण सवयीने मुंबई गाठतात, पण आपण देशाच्या मध्यावर राहतो आणि चेन्नईचा मार्ग आपल्याला तितकाच मोकळा आहे. तामिळनाडू एक्सप्रेस नागपूरहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला पोचते. तेथून विमानतळापर्यंत थेट मेट्रो आहे, त्यामुळे सामान घेऊन टॅक्सीसाठी घासाघीस करावी लागत नाही. चेन्नईहून सिंगापूर चार-साडेचार तासांचे आहे आणि त्या मार्गावर अनेक कंपन्यांची विमाने असल्याने भाडेही पुष्कळदा मुंबईपेक्षा कमी असते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते, विमानाचे तिकीट मात्र त्याच्या बरेच आधी काढावे लागते. हा क्रम लक्षात ठेवून आरक्षण उघडेल त्या सकाळीच पाचही बर्थ घ्यावेत. गाडीला उशीर होऊ शकतो, तेव्हा ती पोचते त्याच दिवशीचे विमान धरू नये. एक रात्र चेन्नईत काढावी.

उत्तर (धरमपेठ, नागपूर)

वरील सल्ला चांगला आहे, परंतु खर्च हाच मुख्य प्रश्न असेल तर मलेशियाचा विचार आधी व्हावा, असे माझे मत आहे. भारतीयांना तेथे २०२६ अखेरपर्यंत तीस दिवसांपर्यंत व्हिसाची गरज नाही. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन आगमनपत्र भरले की पुरे, आणि त्याचे शुल्क नाही. सिंगापूरचा व्हिसा मात्र अधिकृत एजंटामार्फत घ्यावा लागतो, आणि पाच माणसांचे शुल्क व एजंटाचा आकार मिळून ती रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही. क्वालालंपूरमध्ये कुटुंबाला पुरेशी मोठी खोली सिंगापूरच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळते. जवळच सनवे लगून हे पार्क आहे, आणि डोंगरावर गेंटिंग येथे २०२२ मध्ये सुरू झालेले स्कायवर्ल्ड्स हे पार्क आहे. तेथे केबल कारने जाता येते आणि हवा इतकी गार असते की सासूबाईंना शाल लागेल. मुले अगदी लहान असती तर जोहोरचे लेगोलँड सुचवले असते, पण दहा वर्षांच्या मुलीला ते लवकरच बालिश वाटेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उंची मोजली: मुलगी १३८ आणि मुलगा ११३ सेंटीमीटर भरला. मुलीचे मन युनिव्हर्सलवर बसले आहे, त्यामुळे आमचा कल सिंगापूरकडे आहे. आता खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांच्यासाठी पार्कचे तिकीट काढावे का? आणि पैशांचे व्यवहार कसे करावेत, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

उत्तर (मनीषनगर, नागपूर)

सासूबाईंना राइडमध्ये बसायचे नसेल तर त्यांचे तिकीट काढू नये, हे स्पष्टच सांगतो. दिवसभर उभे राहण्यासाठी तिकिटाचे पैसे देण्यापेक्षा त्या दिवशी यजमानांनी सकाळी आणि तुम्ही दुपारी त्यांच्याबरोबर बाहेर राहावे. मात्र एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, हे प्रवेशद्वारावर आधी विचारून घ्यावे. सेंटोसावर फिरण्यासाठी बेटाची बस विनामूल्य आहे. फोर्ट सिलोसोचा उंचावरील पादचारी मार्ग पाहण्यालाही पैसे पडत नाहीत आणि वर जाण्यासाठी लिफ्ट असल्याने गुडघ्यांना त्रास होत नाही. बेटावर मोनोरेलने जाण्याऐवजी हार्बरफ्रंट स्थानकापासून बोर्डवॉकने चालत गेले तर प्रवेश फुकट आहे, आणि त्या वाटेवर बऱ्याच अंतरापर्यंत सरकते पट्टे आहेत. दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बेची बाहेरची बाग आणि सुपरट्री या झाडासारख्या उंच मनोऱ्यांवरील प्रकाशाचा खेळ पाहावा; दोन्ही विनामूल्य आहेत, आणि पाचही जणांना एकत्र बसून पाहता येतील.

जेवणासाठी राहण्याचे ठिकाणच लिटल इंडिया या भारतीय वस्तीत घ्यावे. तेथील कोमल विलास हे शाकाहारी उपाहारगृह १९४७ पासून चालू आहे. कांदा-लसूण नको असल्यास पदार्थ मागवण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे, कारण सांबारात कांदा हमखास असतो. घरून दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि मेतकूट न्यावे. दही आणि साधा भात तेथे मिळतोच. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, म्हणून रिकाम्या बाटल्या घरूनच न्याव्यात.

उत्तर (प्रतापनगर, नागपूर)

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पैशांविषयी थोडे लिहितो. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील खरेदीला बहुधा दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो आणि त्या अधिभारावर जीएसटी वेगळा लागतो. म्हणून निघण्याआधी सिंगापूर डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड घ्यावे आणि थोडी रोख जवळ ठेवावी. दुकानदाराने यंत्रावर ‘रुपयांत देणार का’ असे विचारले तर नकार द्यावा आणि तेथील डॉलरमध्येच पैसे चुकते करावेत, कारण रुपयांचा दर तेथे महाग लावलेला असतो. मेट्रोत बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करता येतो, परंतु प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते. एकच कार्ड पाच जणांसाठी चालत नाही.

पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर, आकारला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत ती रक्कम अडकून राहते, आणि तुमच्यासारख्या ठरावीक रकमेत चालणाऱ्या सहलीला तेवढा फटका बसतो. विमान, हॉटेल आणि पार्क यांची आरक्षणे स्वतः वेगवेगळी केली तर हा प्रश्न उरत नाही. मात्र स्वस्त विमान कंपन्यांच्या मूळ भाड्यात बहुतेक वेळा हातातील सामानच धरलेले असते; बॅग आणि जेवण यांचे पैसे मिळवूनच दोन भाड्यांची तुलना करावी. पाचही जणांचा प्रवास विमाही विसरू नये, विशेषतः सासूबाईंचा. त्यात त्यांच्या जुन्या आजारांची नोंद खरी आणि पूर्ण करावी.

मुलांचे पासपोर्ट आजच तपासून पाहावेत. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांपुरताच असतो, आणि प्रवासाच्या वेळी त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. मुलीचा पासपोर्ट लहानपणी काढला असेल तर तो संपलाही असेल. नवा काढताना दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणून यजमानांची सुट्टी त्या दिवशी जुळवून घ्यावी. पासपोर्ट आणि व्हिसा हाती आल्यावरच पार्कचे तिकीट काढावे, कारण ते ठरावीक तारखेचे असते. आणि सिंगापूरला पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तेथील आगमनपत्र सरकारी संकेतस्थळावरच भरावे. त्याचे शुल्क नाही. पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर ती सोडून द्यावीत.