शांतता, शांती की सलोखा?

अनुस्वार: आठवी-नववीच्या मुलांसाठी शांतता-शिक्षणाची पुस्तिका मराठीत आणताना 'पीसबिल्डिंग'ला, म्हणजे भांडण पुन्हा पेटू नये म्हणून करायच्या कामाला, मी 'शांतता-निर्माण' म्हटले. या शब्दाचे चित्र काढायला सांगितल्यावर एका मुलीने ओठांवर बोट ठेवून ओळीने बसलेली मुले काढली. तिचे चुकले असे मला म्हणवेना, कारण 'शांतता राखा' या पाटीने तिला हाच अर्थ शिकवला आहे. ज्या पुस्तिकेत मुलांनी बोलावे, भांडणाचे मूळ नाटकातून उलगडावे अशी अपेक्षा आहे, तिच्या मुखपृष्ठावर गप्प बसवणारा शब्द कसा ठेवावा?

धातुपाठ: 'शांती' घ्यावा. मूळ 'शम्' धातू दोन्हींत आहे. पण 'शांतता' ही नुसती स्थिती, तर 'शांती'त शमण्याची क्रिया जाणवते.

परवचा: मला 'शांती'त मनःशांती ऐकू येते, आणि तिथे माणूस एकटाच असतो. 'सलोखा' दोघांवाचून होत नाही. आमच्याकडे भावंडे भांडली की आजी एवढेच म्हणे, "सलोख्याने घ्या."

धातुपाठ: तो अरबीतून आलेला शब्द आहे. पारिभाषिक संज्ञा संस्कृतोद्भव असावी, म्हणजे 'शांतिसेना', 'शांतिदूत' असे पुढचे शब्द सहज घडतात.

परवचा: 'हक्क', 'कायदा' आणि 'वकील' यांना आपण परके मानत नाही, मग सलोख्यालाच उंबऱ्याबाहेर का ठेवावे?

कानामात्रा: दोघांचीही क्षमा मागून लिहितो. शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९७६ साली तीन वाटा वेगळ्या मांडल्या: लढणाऱ्यांना दूर ठेवणे, त्यांच्यात समेट घडवणे, आणि ज्या अन्यायातून भांडण पुन्हा पेटते तो नाहीसा करणारी रचना उभी करणे. सलोखा दुसऱ्या वाटेवरचा आहे. प्रश्न तिसरीचा, म्हणजे 'पीसबिल्डिंग'चा आहे. म्हणून 'शांतता-उभारणी'.

अनुस्वार: 'उभारणी' मला पटते, मात्र 'शांतता' जागच्या जागीच राहिली. शिवाय दुसरा शब्द अडला आहे, 'पार्टिसिपेशन'साठीचा 'सहभाग'. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक आउगुस्तो बोआल यांच्या, प्रेक्षकालाही नाटकात शिरू देणाऱ्या पद्धतीने आम्ही चिडवण्याचा एक प्रसंग बसवला होता. मध्येच एक मुलगा "थांबा" म्हणत प्रेक्षकांतून उठला आणि बघ्याची भूमिका करणाऱ्याच्या जागी स्वतः उभा राहिला. अहवालात त्यालाही 'सहभागी' म्हटले, आणि दोन तास नुसत्या बसून राहिलेल्यांनाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२५० क्रमांकाच्या ठरावात १८ ते २९ वयाच्या तरुणांना निर्णयप्रक्रियेत स्थान देण्याविषयी म्हटले आहे; ते हजेरीपुरत्या 'सहभागा'त कसे मावेल?

धातुपाठ: 'सहभागा'तला 'भाग' म्हणजे वाटाच. शब्द खरा आहे, आपण तो हजेरीपटावर झिजवला.

परवचा: मग सरळ 'वाटा' म्हणा. "शांतता उभारण्यात विद्यार्थ्यांचा वाटा" हे त्या मुलीलाही कळेल.

कानामात्रा: 'वाट्या'त काम संपल्यावरच्या श्रेयाचा वास येतो. 'पुढाकार' चालेल का?