अठरा जून रस्ता कुणी मारला? (एका पोस्टला लांबलेलं उत्तर)

ताळगांवकर
कालपासून पणजीच्या या बाजाररस्त्याबद्दल एक पोस्ट फिरतेय. "अठरा जून रस्ता मेला. काजू, दारू आणि टी-शर्ट, एवढंच उरलं. पर्यटकांनी आमची पणजी आमच्या हातातून काढून घेतली." खाली रडक्या चेहऱ्यांची ही रांग.

काढून कुणी घेतली? आपणच सोडून गेलो. पोस्टवाले गृहस्थ स्वतःच लिहितात की आता ते नदीपलीकडे पर्वरीला राहतात. म्हणजे वाणसामान मॉलमध्ये, चपला मोबाइलवर, आणि अठरा जूनवर येणं कधी? मुंबईच्या पाहुण्यांना काजू बांधून द्यायचे असले की. मग दुकानदाराने तुमच्या आठवणींसाठी साड्या मांडून बसायचं का?

आणि हा बाजार नुसता "आमचा" होता तरी कधी? भारताने केलेल्या नाकेबंदीच्या काळात पोर्तुगीज सरकारने बाहेरचा माल आणून गोवा भरून ठेवला होता. 1961 नंतर मुंबई-बेळगावची माणसं पणजीत उतरत ती विदेशी घड्याळं आणि नायलॉनसाठी. वडील सांगायचे, दुकानदार आधी त्यांच्याकडे बघायचा, मग आमच्याकडे. तेव्हा घड्याळं होती, आता काजू आहेत. बाहेरचं गिऱ्हाईक तेच.

मळ्याची सून
ताळगांवकर, तुमचे वडील घड्याळं बघत होते, म्हणून त्यांना तेवढंच दिसलं. माझ्या लग्नाचा अख्खा बस्ता या रस्त्यावरून गेला. ब्लाउजचा शिंपी, चष्मेवाला, शाळेचे बूट, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. सम्राट-अशोकला सिनेमा, नाहीतर भोसल्यांकडे पातळभाजी आणि बन. ते गिऱ्हाईक कुठल्या बेळगावहून येत होतं?

आम्ही मॉलमध्ये का जातो ते सांगते, कारण पुरुष कधी लिहिणार नाहीत. तिथे बायकांना जायला स्वच्छ जागा आहे. सासूबाईंना घेऊन दोन तास अठरा जूनवर फिरून बघा, मग माझ्याशी निष्ठेबद्दल बोला. आणि पदपथ! अर्ध्यावर पुतळ्यांना घातलेले टी-शर्ट, अर्ध्यावर स्कूटर. त्यातल्या निम्म्या स्कूटर दुकानदारांच्याच, सकाळी लावलेल्या त्या रात्री निघतात. वर तेच ओरडतात की गिऱ्हाइकाला पार्किंग नाही.

भाटकाराचा नातू
मूळ मुद्दा कुणी काढतच नाही. भाडं.

आमची एक जुनी इमारत आहे, नेमकी कुठे ते सांगत नाही. खाली दुकानं. त्यातल्या एकाचं महिन्याचं भाडं येतं त्यात आज एका माणसाला इसवणाची (सुरमईची) थाळी येणार नाही. कौलं आम्ही शाकारायची, घरपट्टी आम्ही भरायची, पावसात भिंत फुगली की नोटीस आम्हाला. 1968 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाटकाराला, म्हणजे जागामालकाला, स्वतःच्याच इमारतीचा राखणदार करून ठेवलाय. मग लोक विचारतात, जुन्या पणजीतल्या इमारती पडतात कशा!

तीन पिढ्यांचं दुकान
आलं भाटकारांचं रडगाणं. माझ्या आजोबांनी जागा घेतली तेव्हा भरलेल्या पागडीत त्या काळी अख्खं घर झालं असतं. ती कुणाच्या खिशात गेली? त्याची पावती आहे का?

आम्ही काय काय बघितलंय ते ऐका. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल पडला. नवा पूल झाला 1992 ला. मधली वर्षं नदीपलीकडच्या बार्देसचं गिऱ्हाईक बेतीच्या फेरीबोटीत. माणूस कामापुरता पणजीत यायचा आणि शेवटची फेरी चुकेल म्हणून घाईने परतायचा. तरी दुकान बंद केलं नाही. परवा स्मार्ट सिटीच्या कामांसाठी पणजी खणून काढली तेव्हा धुळीत कापडाचे ठाण झाकून बसलो. तेव्हा एक भाटकार विचारायला आला नाही. भाडं मात्र बरोबर आठवतं.

भाटकाराचा नातू
पागडीची पावती नसते हे तुम्हाला माहीत, मला माहीत आणि आपल्या दोघांच्या आजोबांनाही माहीत होतं. दोघांनीही कर चुकवला, फक्त शिव्या आमच्या आजोबांना.

मुद्दा आता ऐका. काजूवाल्यांना या रस्त्यावर आणलं कुणी? बरीच दुकानं तुमच्यासारख्यांच्याच नावावर आहेत. मूळ भाडेकरू आमच्याकडे जुनं भाडं भरतो आणि जागा दुसऱ्याला आजच्या दराने देतो. कागदावर तो "भागीदार". मधला पैसा घरबसल्या. पोटभाडेकरू ठेवणं कायद्यात बसत नाही, पण सिद्ध करायला गेलात तर तारखांत आयुष्य जातं. म्हणजे रस्ता पर्यटकांनी नाही काढून घेतला, जुन्या पणजीकर दुकानदारांनी तो महिन्याच्या बोलीवर वाटून दिला आणि वर तेच पोस्टखाली रडके चेहरे टाकतायत.

तीन पिढ्यांचं दुकान
तोंड सांभाळून बोला. मी स्वतः गल्ल्यावर बसतो, या आणि बघा.

भाटकाराचा नातू
तुम्ही बसत असाल. तुमच्या डावीकडचं आणि उजवीकडचं सांगा.

तीन पिढ्यांचं दुकान
शेजाऱ्यांचं मी का सांगू? ... बरं, उजवीकडच्याचं खरं आहे. पण त्यालाही कारण आहे. दोन्ही मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात. तो सत्तरीचा, गुडघे गेलेले. तो काय पायरीवर उभा राहून शर्टपीस दाखवेल? तुम्ही भाटकार त्याला जागा सोडण्याचे रास्त पैसे द्याल? नाही ना. मग काजूवाला देतो.

मडगांवचा शेणै
मध्येच बोलतो. 18 जून 1946 ची राममनोहर लोहियांची पोर्तुगीजांविरुद्धची सभा झाली आमच्या मडगांवला. लोहिया पकडले गेले आमच्या मडगांवला. रस्त्याला तारीख मिळाली पणजीत, आणि त्यावर तुम्ही काजू विकता. आमच्याकडे निदान मैदान आहे.

मळ्याची सून
शेणै, तुमच्या मैदानाभोवतीचं पार्किंग आधी सुधारा, मग पणजीला या. आणि कदंब बसने या.

ताळगांवकर
धागा माझा, भांडण भाटकारांचं! पण नातूबाबांचं पोटभाड्याचं गणित मला पटलं, नाइलाजाने. फक्त एवढ्याने रस्ता बदलला असं नाही. 2004 ला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सिनेमा महोत्सव, आला, जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या) आवारात आयनॉक्स थिएटर झालं. संध्याकाळी सिनेमाला येणारा माणूस तिकडे वळला. त्याच्या आधी गोमेकॉच बांबोळीला गेलं होतं, त्याबरोबर रुग्णाला भेटायला आलेला आणि जाता जाता काहीतरी घेऊन घरी जाणारा माणूस गेला. हे नुकसान कुणी मोजत नाही, कारण त्यात शिव्या द्यायला कुणी परका नाही.

शिवाय आपले जुने दुकानदार एक वाजता फळ्या लावून जेवायला आणि झोपायला जातात. नोकरी करणारी बाई सामान घेणार कधी? काजूवाला भर दुपारी उघडा असतो. बरं, ते काजू किती आपल्या डोंगरावरचे आणि किती आफ्रिकेच्या बोटीतून उतरलेले, तो वेगळा धागा.

तीन पिढ्यांचं दुकान
झोपेवर येऊ नका. सकाळी नऊ ते रात्री साडेआठ पायावर उभं राहायचं, मध्ये पाठ टेकली तर संस्कृती बुडाली? सरकारी कचेरीत चहाला गेलेला माणूस किती वाजता परत येतो ते आधी लिहा. ताळगांवकर, तुम्ही सरकारी पेन्शनवाले ना?

ताळगांवकर
पेन्शनचा इथे काय संबंध?

तीन पिढ्यांचं दुकान
तेवढाच, जेवढा माझ्या झोपेचा.

मळ्याची सून
झालं का तुमचं? मला एक सांगा. साडीला फॉल-पिको करणारे एक मामा त्या रस्त्यावर जिन्याखाली मशीन घेऊन बसायचे. अजून असतात का? चवथीला नेसायच्या दोन साड्या पडून आहेत.

तीन पिढ्यांचं दुकान
आहेत. आता मागच्या गल्लीत बसतात. चारच्या आधी जाऊ नका, बंद असतं.

भाटकाराचा नातू
कुणाच्या इमारतीत बसतात? सहज विचारतोय.