भोपाळचा कचरा पीथमपूरला जळाला. भोपाळची जमीन साफ झाली का?

यशवंतसागर (इंदूर)

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून १२ कंटेनर निघाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इंदूरजवळच्या पीथमपूरला, घातक कचरा जाळायच्या भट्टीवर पोचले. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना ठाऊक आहे. कारखाना बंद पडल्यावर आवारात जे पडून राहिलं त्यातलं थोडं २००५ च्या सुमारास गोळा करून शेडमध्ये ठेवलं होतं, ते हे. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांची मुदत दिली म्हणून अखेर हललं. फेब्रुवारीअखेरीपासून थोडं थोडं जाळून चाचण्या झाल्या, ५ मेपासून उरलेलं जाळायला घेतलं आणि जून संपताना सगळं जळाल्याचं जाहीर झालं.

माझे दीर पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ३ जानेवारीला तिथे बंद होता, दोन माणसांनी स्वतःला पेटवून घेतलं. दिरांचा फोन आला तेव्हा मागे नुसता गलका ऐकू येत होता. ते आंदोलनातले नाहीत. पण म्हणाले, "वहिनी, हे किती दिवस जाळणार, धुरात काय असणार, राख कुठे टाकणार, एक माणूस येऊन सांगून गेला नाही. जे कळलं ते पेपरातून."

मला मांडायचंय ते हे. ज्या विषाने भोपाळमधल्या वस्त्यांचं पाणी नासवलं ते त्या शेडमध्ये नव्हतंच. ते मातीत आहे, मातीखाली आहे. नागपूरच्या नीरी (पर्यावरण) आणि हैदराबादच्या एनजीआरआय (भूभौतिकी) या सरकारी संशोधन संस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला. त्यातलं हललं काय? एका गावचं थोडं विष उचलून दुसऱ्या गावच्या शिवारात नेलं, १२६ कोटी मंजूर केले, आणि कलंक पुसला म्हणून मोकळे झालो. याला मी सफाई म्हणायला तयार नाही.

तळोजा_शिफ्ट

ताई, तुमची तळमळ समजते, पण मुद्दा पटला नाही. मी चौदा वर्षं घातक कचऱ्याच्या भट्टीवर काम करतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

त्या ३३७ टनांत काय होतं ते आधी बघा. १६२ टन खणून काढलेली माती, ९२ टन सेव्हिन (तिथे बनणारं कीटकनाशक) आणि नॅफ्थॉल (त्याचा कच्चा माल) यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक, २९ टन रिॲक्टरमधला गाळ. हे वीस वर्षं पत्र्याच्या शेडखाली होतं. ड्रम गंजतो. पिशवी उन्हाने कडक होऊन हात लावताच फाटते. मी अशी फाटलेली पिशवी फावड्याने भरलेली आहे. मास्क असूनही दोन दिवस घशात तो वास राहतो. भरवस्तीच्या शहरात हे ठेवण्यापेक्षा जाळणं हजार पटीने बरं.

जाळणं म्हणजे शेकोटी नव्हे. पहिल्या भट्टीत ८५० अंशांच्या आसपास, मग निघालेला वायू दुसऱ्या कक्षात ११०० च्या वर, तिथे त्याला किमान दोन सेकंद राहावं लागतं. पुढे तो झटकन थंड करायचा, कारण सावकाश थंड झाला तर डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन पुन्हा तयार होतं. मग वायू साफ करायला चुना, ॲक्टिव्हेटेड कार्बन, बॅग फिल्टर. चाचणीत आधी तासाला १३५ किलो, मग १८०, मग २७० असं वाढवत नेलं. २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही चाचण्या थांबवायला नकार दिला होता.

सगळ्यांनीच आपल्या दारात नको म्हटलं तर तो कचरा आणखी चाळीस वर्षं भोपाळच्या गरिबांच्याच दारात राहिला असता. हे बोलायला कुणी तयार नाही.

वर्धारोड

आपल्या दारात नको म्हणणाऱ्यांत मी होतो, म्हणून लिहितो. २०११ मध्ये हाच कचरा नागपूरजवळ बोरखेडीला डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं ठरत होतं. आम्ही विरोध केला, महाराष्ट्र सरकारनेही नकार दिला, आणि बेत बारगळला. त्याआधी गुजरातेत अंकलेश्वरला पाठवायचं चाललं होतं, गुजरातने हात वर केले. २०१२ मध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी संस्थेने विमानाने नेऊन जाळायची तयारी दाखवली, तेही फिसकटलं.

तळोजादादा म्हणतात त्यातलं तंत्र खरं असेल. आमचा प्रश्न तंत्राचा नव्हता. त्या वेळी बुटीबोरीच्या एका सभेत शेतकऱ्याने विचारलं होतं, "विहिरीचं पाणी आज कसं आहे ते तपासलंय का? नाही तर उद्या बिघडलं तर तुम्ही म्हणाल आधीपासूनच तसं होतं." उत्तर द्यायला कुणी उभं राहिलं नाही. मला तो नकार आजही बरोबर वाटतो.

पण मनात एक टोचणी आहे. आम्ही नाही म्हणू शकलो, कारण आमच्यामागे राज्य उभं राहिलं. पीथमपूरच्या तारपुरा गावामागे कोण उभं राहणार होतं? तिथे तर २००८ मध्येच याच कारखान्याचा ४० टन चुन्याचा गाळ आणून पुरला होता.

तळोजा_शिफ्ट

वर्धारोड, त्या शेतकऱ्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर. काम सुरू व्हायच्या आधीची मोजणी नसेल तर नंतरच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. पण त्याचं उत्तर मोजणी करणं हे आहे, नकार देणं नव्हे. तुम्ही नकार दिलात आणि कचरा तसाच राहिला.

बरखेडा_बी

मी भोपाळची. बाबा भेलमध्ये होते, बरखेड्यात वाढले. एम.एस्सी.ला असताना एका प्रकल्पासाठी कारखान्याच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत पाण्याचे नमुने घ्यायला जात होते, तेव्हाचं सांगते.

अटल अयूब नगरमध्ये एक हातपंप होता, लाल रंगाने रंगवलेला. लाल म्हणजे पिऊ नका. आधी दहा मिनिटं तो नुसता हापसायचा, नळीत साचलेलं जुनं पाणी जाऊन जमिनीतलं ताजं वर यावं म्हणून. मग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड असले उडणारे पदार्थ त्यात निसटतात आणि प्रयोगशाळेत पाणी चांगलं निघतं. बाटली उलटी करून बघायचं, मग बर्फाच्या डब्यात. मी हे करत असताना एक बाई कळशी घेऊन रांगेत उभी होती. मी म्हटलं, लाल आहे ना हा? तर म्हणाली, "टँकर परसों आया था, बेटा."

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये तिथे स्वच्छ पाणी द्यायचे आदेश दिले. नळ आले, ते मान्य. पण दूषित पाण्याच्या वस्त्यांची संख्या वाढतच गेली. २०१८ पर्यंत ती ४२ वर पोचली होती. पाणी जमिनीखालून सरकतंय हे यावरून दिसत नाही का? आणि उगम फक्त कारखान्याच्या आवारातच नाही. १९७७ पासून ३२ एकरांवर सोलर इव्हॅपोरेशन पाँड होते, म्हणजे सांडपाणी उन्हात वाळवायची तळी. १९८२ मध्ये तिथून गळती होतेय असा निरोप कंपनीच्या अमेरिकेतल्या कचेरीला गेला होता. गॅस सुटायच्या दोन वर्षं आधी!

यशवंतसागर ताईंशी मी सहमत आहे, एक सोडून. शेडमधलं गेलं याचं मला बरं वाटलं. पावसाळा आला की त्या शेडचं छप्पर माझ्या डोळ्यांसमोर यायचं.

कागदपत्र

दोन्ही बाजूंकडून पैशाचा मुद्दा सुटतोय. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करायची हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी कितीतरी वेळा मान्य केलंय. मग १२६ कोटी आपल्या तिजोरीतून का?

कोडाईकनालला पारा वापरणारा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. लोकांनी धरून ठेवलं आणि २००३ मध्ये जवळपास २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेत गेला, कंपनीच्या खर्चाने. मातीची सफाई तिथेही वर्षानुवर्षं रखडली ते वेगळं. पण कचरा परत पाठवता येतो हे सिद्ध झालं.

भोपाळला १९८९ चा ४७ कोटी डॉलरचा समझोता वायुगळतीसाठी होता. जमीन-पाण्याच्या प्रदूषणाचा त्यात हिशेबच नव्हता. १९९८ मध्ये कारखान्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली, २००१ मध्ये डाऊ या अमेरिकी रसायन कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि तेव्हापासून जबाबदारी कुणाची यावर चेंडू इकडून तिकडे. पीथमपूरला जाळून आपण आपला दावा स्वतःच दुबळा केला असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावाच जाळला.

तळोजा_शिफ्ट

पुरावा जाळला हे पटत नाही. नमुने, विश्लेषणाचे अहवाल, छायाचित्रं सगळं रेकॉर्डवर आहे. आणि ११ लाख टन पुरावा अजून जमिनीत आहे.

डाऊकडून वसूल करा, जरूर करा. वाढीव भरपाईची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातला शेवटचा उपाय, मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली हेही लक्षात घ्या. आधी पैसे, मग सफाई असं म्हणत बसलो तर अटल अयूब नगरमधल्या त्या बाईने थांबायचं किती? सरकारने आधी साफ करावं, बिल नंतर लावावं.

आता ताईंच्या मूळ मुद्द्याकडे. ११ लाख टन माती जाळता येत नाही हे त्यांना मान्य आहे का? मी काल हिशेब केला. तासाला २७० किलो, दिवसरात्र, एक दिवसही भट्टी बंद न ठेवता: ४६५ वर्षं. म्हणजे मातीसाठी वेगळाच मार्ग लागणार. खणून तिथेच अस्तर लावलेल्या खड्ड्यात बंद करायची, आणि भूजल उपसून शुद्ध करायचं. नीरीनेही साधारण याच दिशेने सुचवलं होतं. पण तसं करा म्हटलं की लोक म्हणणार, विष इथेच पुरलं. नेलं तर दुसऱ्याच्या माथी मारलं म्हणणार. निर्णय घेणाऱ्याने करायचं काय?

यशवंतसागर (इंदूर)

दादा, ४६५ वर्षांचा आकडा वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. नाही, मी माती जाळा म्हणत नाही. आणि शेडमधलं तसंच ठेवा असंही म्हणत नाही; बरखेड्याच्या ताईंनी लिहिलं त्यानंतर तर नाहीच. पहिल्या पोस्टमध्ये मी तसं सुचवलं असेल तर ते मागे घेते.

पण मोजणीचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. भट्टीच्या गेटवर बोर्ड असतो, त्यावर सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, धूळ यांचे आकडे चालू असतात. लोकांना भीती कशाची आहे? डायऑक्सिनची. ते त्या बोर्डवर येतच नाही, बरोबर ना? आणि पारा? सेव्हिन जळतं, पारा जळत नाही. तो एक तर धुरात जातो, नाही तर कार्बनमध्ये अडकून राखेत येतो.

आणि ती राख! ३३७ टन जाळून ८०० टनांच्या वर राख आणि अवशेष उरले. दिरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, चुकीचं वाचलं असेल."

तळोजा_शिफ्ट

बरोबर वाचलंय. आम्लवायू मारायला चुना घालावा लागतो, त्याचं वजन येतं. माती तर जळून नाहीशी होतच नाही, मातीच राहते. हे गावात आधी सांगितलं असतं तर निम्मा संशय तिथेच मिटला असता. ही आमच्या क्षेत्राची चूक आहे, मी ती झाकणार नाही.

डायऑक्सिन बोर्डवर येत नाही, हेही खरं. चिमणीत नळी घालून काही तास नमुना ओढायचा, तो मोजक्याच प्रयोगशाळांत जातो, निकाल यायला आठवडे लागतात. मर्यादा घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे, इतकं सूक्ष्म मोजमाप जागेवर होत नाही.

वर्धारोड

म्हणजे निकाल येईपर्यंत धूर जाऊन चुकलेला असतो. मग तुमचं "सुरक्षित आहे" हे नंतर कळणारं सुरक्षित. माझा विरोध इथेच आहे, दादा.

तळोजा_शिफ्ट

म्हणूनच तर चाचण्या आधी घेतात आणि त्यांचा निकाल आल्यावर उरलेलं जाळतात. इथे तसंच झालं. भट्टीचं तापमान आणि कार्बन मोनॉक्साइड ठीक असेल तर डायऑक्सिन सहसा आटोक्यात असतं, आणि ते दोन्ही क्षणोक्षणी दिसतात. तुम्हाला पूर्ण खात्री हवी आहे, ती मी देऊ शकत नाही. रस्त्यावर ट्रकच्या धुरामागे चालतानाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

बरखेडा_बी

राखेबद्दल. ती अस्तराच्या खड्ड्यात पुरायचं ठरलं होतं, वर झाकण, खाली पाझर गोळा करायची नळी. अस्तर चांगलं असेलही. पण अशा जागेवर बंद केल्यानंतर ३० वर्षं लक्ष ठेवायचं असतं. भोपाळच्या त्या सांडपाण्याच्या तळ्यांनाही प्लास्टिकचं अस्तर होतं. पाच वर्षांत गळली.

तळोजा_शिफ्ट

१९७७ चं अस्तर आणि आजचं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज दोन थर असतात, मध्ये गळती पकडणारी नळी. पण ३० वर्षांचं म्हणालात ते मान्य. पंप चालवणारा माणूस, त्याचा पगार, नमुन्याचा खर्च, यासाठी पैसा आत्ताच वेगळा काढून ठेवला नसेल तर पाच-सात वर्षांत कुणी फिरकत नाही. मी पाहिलंय.

ताई, दिरांना सांगा, माहिती अधिकारात अर्ज करायचा तर "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, गठ्ठा येतो आणि हाती काही लागत नाही. खड्ड्याभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मागा: पाण्याच्या उतारावरच्या वरच्या विहिरीचे आणि खालच्या विहिरीचे वेगवेगळे, जानेवारी २०२५ च्या आधीचे आणि नंतरचे, मे महिन्याचे आणि दिवाळीनंतरचे. पारा, निकेल, क्लोराइड आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नावानिशी. शिवाय राखेची पाझर-चाचणी (राखेतून पाण्यात काय उतरतं त्याची) कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत झाली ते.

यशवंतसागर (इंदूर)

वरची आणि खालची विहीर कोणती हे गावात कसं ओळखायचं?

बरखेडा_बी

नाला कुठे उतरतो ते बघा, पाणी बहुतेक त्याच बाजूला सरकतं. तिथल्या चालू बोअरचा एक नमुना आपला स्वतःचाही घेऊन ठेवा. शनिवारी मी इंदूरला आहे, बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन येते.