शब्दचर्चा : लोकरी टोपीचे टाके 'मिटवायचे', 'बंद करायचे' की 'आवळायचे'?

शाईदौत : बाळाच्या लोकरी टोपीचे दोन इंग्रजी नमुने मराठीत आणायचे आहेत. एकात शेवटी 'बाइंड ऑफ' लिहिलंय, दुसऱ्यात 'कास्ट ऑफ'. हे दोन वेगळे प्रकार आहेत का? मराठीत 'टाके बंद करणे', 'टाके मिटवणे' आणि 'टाके उतरवणे' असे तिन्ही प्रयोग सापडतात. शिवाय दुसऱ्या नमुन्यात कास्ट ऑफ फक्त कानपट्ट्यांना आहे. टोपीच्या शेवटी 'उरलेल्या टाक्यांतून धागा ओढून घ्या' असं आहे. त्यालाही सरळ 'टाके बंद करा' म्हटलं तर चालेल का?

सुलट_उलट : बाइंड ऑफ अमेरिकेतलं, कास्ट ऑफ ब्रिटनमधलं. क्रिया एकच: एकेक टाका पुढच्यावरून ओढून सुईवरून काढायचा, म्हणजे साखळीसारखी कड होते आणि वीण उसवत नाही. आपल्याकडे ब्रिटिश शब्द रुळले, म्हणून जुन्या शिकलेल्या बायका 'कास्ट ऑन', 'कास्ट ऑफ' म्हणतात. मराठीत त्याची जोडी 'टाके घालणे' आणि 'टाके बंद करणे'.

'उतरवणे' मात्र इथे नकोच. टाके उतरवणे म्हणजे न विणता दुसऱ्या सुईवर किंवा दोऱ्यावर घेणे. ते टाके उघडेच राहतात, नंतर पुन्हा विणायला घेता येतात. नमुन्यात 'मधले १२ टाके उतरवा' वाचून एखादी ते पिनेवर घेऊन ठेवेल आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसेल.

गोंडेवाली : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात चालणार नाही. टोपीच्या बाबतीत सगळी गडबड इथेच होते.

टोपी दोन दिशांनी विणता येते. पहिली पद्धत काठापासून माथ्याकडे. टाके घालायचे, काठाची पट्टी (सुलट-उलट टाक्यांची, ताणणारी) विणायची, मग उंची, मग टाके घटवत माथा. इथे शेवटी मोजके टाके उरतात आणि ते ओवून आवळायचे असतात. दुसरी पद्धत माथ्यापासून काठाकडे. ८ टाक्यांनी सुरुवात, वाढवत वाढवत घेर, शेवटी पट्टी. इथे शेवटी सगळा घेर सुईवर असतो आणि तो मिटवायचा असतो. काठापासून विणलेल्या टोपीत मिटवणं येतच नाही, कानपट्ट्या असतील तर त्यांच्यापुरतं येतं.

आकड्यांत सांगते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सें.मी.च्या आसपास. टोपी त्याहून दोनेक सें.मी. कमी विणायची, म्हणजे ती घट्ट बसते. १० सें.मी.त २२ टाके बसत असतील तर ७२ टाक्यांचे साधारण ३३ सें.मी. होतात. माथ्याचे ८ भाग करायचे: ७ टाके सुलट, म्हणजे साधे विणायचे, मग २ एकत्र विणून एक करायचा, असं फेरीभर. ७२चे ६४ झाले. एक फेरी साधी. पुढच्या घटवायच्या फेरीत ६ सुलट, २ एकत्र, म्हणजे ५६. असं एकाआड एक ४० टाक्यांपर्यंत, तिथून पुढे प्रत्येक फेरीत घट: ३२, २४, १६, ८.

आता हे ८ टाके कुणी 'बंद' केले, म्हणजे साखळीने मिटवले, तर माथ्यावर साखळीचं कडं तयार होतं. साडेतीन सें.मी.चा परीघ, मधे करंगळी जाईल एवढं भोक. ते मागून शिवून बुजवलं की गुठळी येते, आणि ती येते नेमकी बाळाच्या टाळूवर.

आवळायची रीत अशी. धागा २०–२५ सें.मी. ठेवून कापायचा. दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवायची टोपी असेल तर ४० सें.मी. तरी ठेवा, त्याच धाग्याने शिवण होते. बोथट टोकाची लोकरीची सुई घ्यायची, दाभण नको, दाभण धागा फाडतं. ज्या टाक्यावर पुढची फेरी सुरू झाली असती, तिथूनच ओवायला सुरुवात करायची. प्रत्येक टाक्यात उलट विणताना घालतो तशी सुई घालायची. आठही टाके ओवून झाले की विणायच्या सुया काढून घ्यायच्या आणि त्याच टाक्यांतून धागा दुसऱ्यांदा फिरवायचा. मग आवळायचं. एकदम हिसका दिला तर एकपदरी लोकर तुटते. थोडं ओढा, टाके बोटाने मधे सारा, पुन्हा ओढा. शेवटी सुई मधल्या बिंदूतून आत घालून टोपी उलटी करा आणि टोक ४–५ सें.मी. विणीत दोन दिशांनी जिरवा. नुसती गाठ मारून कापू नका. ॲक्रिलिकची गाठ सुटते आणि न सुटलेली गाठ टोचते.

सुरुवात चुकीच्या टोकाने झाली तर धागा भोकावरून आडवा जातो आणि कितीही ओढलं तरी मधे फट दिसते. १६-१८ टाके ठेवून आवळलं तर मोदकासारख्या कळ्या पडतात. जाड लोकरीत तेवढे ठेवावेच लागले तर पहिल्या फेऱ्यात एकाआड एक टाके ओवा, दुसऱ्यात राहिलेले.

शाईदौत : म्हणजे एका नमुन्यात 'ओवून आवळा', दुसऱ्यात 'मिटवा'. पण मग 'बंद करा' का नको? तोच जास्त ऐकू येतो.

पदर_चार : ऐकू येतो हे खरं, चुकीचाही नाही. लोकरीच्या दुकानांत हिंदीतलं 'फंदे बंद करना' सतत कानावर पडतं, त्याचाही हातभार असावा. स्वेटरच्या मुंढ्याला 'दोन्ही बाजूंना ५-५ टाके बंद करा' हे सगळ्यांना कळतं. पण टोपीच्या नमुन्यात 'बंद करा' म्हटलं की काठ, माथा, शिवण, काहीही बंद होऊ शकतं. 'मिटवणे' नेमका आहे. उघडी कड मिटते, ती उसवत नाही. शिवाय 'उघडे टाके' हा शब्द वापरात आहेच, त्याच्यासमोर 'मिटवलेले टाके' आपोआप बसतो. 'बांधणे' हा इंग्रजी शब्दकोश बघून केलेला उद्योग आहे, कोणतीही विणणारी तो वापरत नाही.

सुलट_उलट : मान्य, 'मिटवणे' ठेवा. फक्त नुसतं 'सैल मिटवा' लिहून थांबू नका. निम्म्या टोप्या तिथेच बिघडतात. काठ कपाळावर करकचतो, बाळाच्या कपाळावर वळ उठतो, आणि लोक म्हणतात माप चुकलं.

कारण साधं आहे. विणीतला टाका आडवा ताणला की रुंद होतो. पट्टीत तर उलट टाके सुलट टाक्यांच्या मागे दडलेले असतात, ते बाहेर येतात. साखळी मात्र स्वतःच्या फाशात जेवढा धागा आहे तेवढीच ताणते. खालचं कापड ताणायला तयार, वरची साखळी नाही. म्हणून अंगाला घट्ट बसणाऱ्या काठावर नेहमीचं मिटवणं, म्हणजे दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून ओढून टाकणं, जपून करावं लागतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मिटवताना उजव्या हातात जाड सुई घेणे. पण इथे अनुवादकाने सांभाळावं! 'दोन नंबर मोठी सुई' असं लिहू नका. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर ४ मि.मी., १० नंबर सव्वातीन. अमेरिकी नंबर उलटे चढतात, त्यांची ८ नंबर ५ मि.मी.ची. सरळ लिहा: ४ मि.मी.वर विणलं असेल तर मिटवायला ५ मि.मी. घ्या.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. दोन टाके सुलट विणा. आता डाव्या सुईचं टोक उजव्या सुईवरच्या त्या दोन टाक्यांत, उजव्या सुईच्या पुढून, डावीकडून उजवीकडे घाला. धागा गुंडाळून दोन्ही एकत्र विणून काढा. उजव्या सुईवर एक टाका उरेल. पुढचा एक विणा, पुन्हा दोघांना एकत्र. एक सुलट एक उलट पट्टी असेल तर नवा टाका जसा दिसतो तसा विणायचा, सुलटवर सुलट, उलटवर उलट. उलट विणल्यावर धागा मागे न्यायचा आणि मगच दोन एकत्र करायचे. धागा पुढेच राहिला तर काठावर नको तो वेढा बसतो.

लडी_ते_गुंडी : याला नाव काय द्यायचं? आम्ही 'दोनाचा एक करत मिटवणे' म्हणतो.

सुलट_उलट : छान आहे. पण टाके घटवतानाही दोनाचा एकच होतो, म्हणून 'करत मिटवणे' पूर्ण लिहिलंच पाहिजे.

पदर_चार : आणखी एक प्रकार टोपीला अगदी योग्य, सुईने शिवत मिटवणे. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी तो लोकप्रिय केला. काठाच्या घेराच्या चौपट धागा ठेवून कापायचा, बोथट सुईत ओवायचा. पहिल्या दोन टाक्यांतून सुई उजवीकडून डावीकडे काढा, धागा ओढा. मग फक्त पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे परत आणा आणि तो टाका विणायच्या सुईवरून सोडा. पुढच्या दोनांना हेच. धागा ओढताना काठ गोळा होऊ द्यायचा नाही, दर पंधरा-वीस टाक्यांनी ताणून बघायचं. घेर ३३ सें.मी. असेल तर १३०–१४० सें.मी. धागा. कमी पडला तर मधे जोडावा लागतो आणि तो जोड काठावरच दिसतो. 'शिवून मिटवणे' हे नाव पुरे.

शाईदौत : फेरीत विणलेल्या टोपीच्या काठावर शेवटी एक पायरी राहते, पहिला आणि शेवटचा टाका जुळत नाहीत. नमुन्यात त्याबद्दल काहीच नाही.

गोंडेवाली : साखळीने मिटवलं असेल तर शेवटच्या टाक्यातून धागा पूर्ण ओढून घ्या आणि सुईत ओवा. मिटवलेल्या पहिल्या साखळीच्या दोन्ही पायांखालून सुई काढा, मग धागा जिथून निघाला त्याच शेवटच्या टाक्यात परत घाला. साखळीची एक खोटी कडी तयार होते. ती बाकीच्या कड्यांएवढीच सैल ठेवायची. टोक नंतर आतल्या बाजूने पट्टीच्या उलट टाक्यांत जिरवा.

लडी_ते_गुंडी : चौकोनी टोपीचं राहिलं, दोन कोपरे कानांसारखे वर येतात ती. तिथे माथा घटवतच नाहीत. टोपी उलटी करून टाके दोन सुयांवर निम्मेनिम्मे, तिसऱ्या सुईने पुढचा एक आणि मागचा एक एकत्र विणत, सोबत मिटवत जायचं. 'तीन सुयांनी जोडून मिटवणे'. शिवण आत राहते. हे ताणत नाही, आणि माथ्यावर ताणायची गरजही नसते.

शाईदौत : मसुदा टाकते.
पहिला नमुना: 'पट्टी ४ सें.मी. झाली की सर्व टाके दोनाचा एक करत मिटवा. सुई ५ मि.मी.'
दुसरा: 'शेवटच्या सुईवर ८ टाके उरतील. धागा २५ सें.मी. ठेवून कापा, टाक्यांतून दोनदा ओवून आवळा, टोक आत जिरवा.'

पदर_चार : 'शेवटच्या सुईवर' नको. सपाट विणकामात 'पहिली सुई, दुसरी सुई' म्हणजे ओळी, हे खरं. पण ही टोपी चार सुयांवर गोल विणायची आहे. 'शेवटच्या सुईवर ८ टाके' वाचून तीन सुयांपैकी एकीवर ८ शोधतील आणि सापडतील २ किंवा ३. 'शेवटच्या फेरीनंतर एकूण ८ टाके उरतील' असं लिहा.

गोंडेवाली : आणि पहिल्यात 'सर्व टाके सैल हाताने' घालाच. जाड सुई असली तरी हात आवळणारे आवळतातच. मिटवून झाल्यावर काठ ४० सें.मी.पर्यंत ताणला जातो का ते बघायला सांगा. नाही ताणला तर धागा कापण्याआधीच उसवून पुन्हा मिटवता येतो.