संग्रहालयातली चित्रं गावच्या भिंतीवर: कामाचे अनुभव लिहा

लंडनच्या नॅशनल गॅलरीने २००७ मध्ये आपल्या चित्रांच्या मूळ मापाच्या प्रती चौकटीसकट रस्त्यांवर लावल्या. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सने २०१० मध्ये, स्थापनेच्या १२५व्या वर्षी, हाच प्रयोग ‘इनसाइड आउट’ नावाने अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपासच्या गावांत नेला. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ पासून यमाईच्या डोंगरावर आहे. तिथल्यासारखी चित्रं खाली पेठेत उतरवायची तर काय करावं लागेल? कौतुक नको, माप, साहित्य आणि काय बिघडतं ते लिहा.

छपाईवाला

आधी फाइल बघा. ४ × ३ फुटांची प्रत १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) छापायची तर ७२०० × ५४०० पिक्सेल लागतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोतून जेमतेम ८३ डीपीआय निघतात. रस्त्यापलीकडून ते चालेल, पण अशा चित्रासमोर माणूस हातभर अंतरावर येऊन उभा राहतो. दागिन्यांचे मणी, जरीचा काठ तिथे फुटतो.

स्क्रीनवरचा रंग खरा मानू नका. चेहऱ्याचा ए४ तुकडा छापा आणि ज्या भिंतीवर लावणार तिथेच दुपारी धरून बघा. तैलचित्रातल्या गडद सावल्या उन्हात नुसता काळा ठोकळा दिसतात, त्या थोड्या उघडाव्या लागतात. वरून यूव्ही लॅमिनेशन मॅटच घ्या. ग्लॉसी घेतलंत तर चित्राऐवजी समोरचं मेडिकल दिसतं.

पश्चिमेची भिंत टाळा. उन्हाने पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, निळी टिकते. मग रवि वर्म्यांच्या नायिका आजारी दिसायला लागतात. उत्तरेची भिंत सगळ्यात बरी.

फॅब्रिकेशनवाला

सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) बाहेर लावूच नये, उन्हात वाकतो. ३ मिमी एसीपीवर (मधे प्लास्टिक, दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम असा पत्रा) छापलेलं व्हिनाइल चिकटवा किंवा थेट यूव्ही छपाई करा. अ‍ॅल्युमिनियम उन्हात वाढतं: ४ फुटांच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकाला साधारण १ मिमी. म्हणून ५ मिमीच्या बोल्टला भोक ७ मिमीचं पाडा. घट्ट आवळलेला पत्रा मधोमध फुगतो. अ‍ॅक्रिलिक तर त्याच्या तिप्पट वाढतं, शिवाय चमकतं, ते नकोच.

वाऱ्याचा हिशेब सगळे विसरतात. दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब म्हणजे वेगाच्या (सेकंदाला मीटर) वर्गाची ०.६ पट. सेकंदाला ३९ मीटर धरले, आणि पुण्याला डिझाइनसाठी मूळ वेग तोच धरतात, तर ४ × ३ फुटांवर जवळपास १०० किलोचा जोर येतो. दोन खिळ्यांवर हे टांगायचं नाही.

भिंतीनुसार अँकर बदलतो. विटेच्या पक्क्या भिंतीत चार एक्स्पान्शन बोल्ट पुरतात. चुन्यातल्या दगडी भिंतीत दगडाला हात लावू नका, सांध्यात भोक पाडा. उद्या काढलं तर चुन्याने बुजवता येतं. पांढरीच्या मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही. तिथे जमिनीत खांब रोवून चौकट उभी करा. बोल्ट स्टेनलेस ३०४ चे घ्या, खाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ मालकाच्या रंगवलेल्या भिंतीवर उतरतात. भिंत आणि पत्रा यांत २५ मिमी जागा सोडा, आणि चौकटीच्या खालच्या पट्टीला ६ मिमीची तीन भोकं पाडा. ती नसतील तर पाणी आत साठतं आणि व्हिनाइलची खालची कड सुटते.

मिशिगनहून

इकडे शत्रू ऊन नाही, गोठणारं पाणी. भोकात शिरलेलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि विटेचा टवका उडवतं. म्हणून चित्रं वसंतात लावतात, हिवाळ्याआधी उतरवतात. जागा ठरवतानाचा नियम घ्यावा असा आहे: एका गावातली सगळी चित्रं चालत किंवा सायकलवर एका फेरीत बघून व्हावीत.

हक्क आणि परवानगी

भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. रवि वर्मा (मृत्यू १९०६) आणि चित्रकार म. वि. धुरंधर (मृत्यू १९४४) मोकळे आहेत. चित्रकार सा. ल. हळदणकर १९६८ ला गेले, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत वारसांना विचारा. त्यांची समई घेतलेली बाई अनेक जण रवि वर्म्यांची समजून बिनधास्त छापतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. फोटोचा हक्क वेगळा असतो. संग्रहालयाकडून फाइल आणि लेखी परवानगी दोन्ही घ्या.

भिंतमालकाची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीचा ठराव, किंवा नगरपंचायतीची परवानगी, दोन्ही हाताशी हवं. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात परवानगीवाचून लावलेलं चित्र आणि जाहिरात असा भेद कोणी करत बसत नाही.

पुन्हा छपाईवाला

पाटीचं राहिलं. मूळ चित्राचं माप, माध्यम, साल आणि ते कुठे बघायला मिळेल, एवढं पुरे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर ठेवा. क्यूआर कोड ५ सेंमीपेक्षा लहान नको.

फॅब्रिकेशनवाला

आणि डीपीशेजारची किंवा एसटी स्टँडसमोरची मोक्याची भिंत घेऊ नका. पहिलीवर वायरमनची शिडी टेकते, दुसरीवर आठवड्यात कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो, आणि तो उतरवायला कोणी जात नाही. वाचनालयाची किंवा शाळेची भिंत घ्या.