मदत हवी आहे: चोरलच्या उतारावर रोपं लावू की खुंटांना फुटू देऊ?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहिते आहे. सिमरोलच्या पुढे, चोरलकडे उतरणाऱ्या घाटाच्या अंगाला आमची ८ बिघे बरड जमीन आहे. सासऱ्यांनी घेतली तेव्हा तिथे दाट झाडी होती. मग कुऱ्हाड, बकऱ्या आणि दर उन्हाळ्यातली आग. दोन पावसाळ्यांपूर्वी निम्म्या तुकड्याला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, बाकी काही केलं नाही. तिथे धावडा, साग, पळस खुंटांतून फुटले, तेंदू मुळांतून वर आला. काही धावडे माझ्या डोक्यावर गेलेत!

आता दीर म्हणतात, जेसीबीनं साफ करू आणि २००० रोपं लावू. मला हे अजिबात पटत नाही. धावड्याचं बी बहुतेक पोकळ निघतं, रोपवाटिकेत तो सहज होत नाही. इथे त्याची मुळं जिवंत आहेत आणि आपण ती उपटायची? खड्ड्यातल्या रोपाला उन्हाळाभर पाणी कोण घालणार? खुंटाला जुन्या खोल मुळाचा आधार असतो. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने १९८३ पासून शेतकऱ्यांबरोबर असेच खुंट राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. पण ती शेतं होती, हा डोंगरउतार आहे, म्हणून विचारते.

एकेका खुंटाला दहा-बारा धुमारे आहेत, किती ठेवू? घाणेरी कापली तर दुप्पट येते, तिचं काय करू? पळस फार माजलाय, काढू का?

सगळ्यात अवघड बकऱ्यांचं. शेजारच्या फलियातली (पाड्यातली) माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे चारतात, मोहाची फुलं वेचायला चैत्रात झाडाखालचा पाला पेटवतात. त्यांना ‘येऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणी असं काही निभावलंय का?

प्रतिसाद

ताई, जेसीबी आत येऊ देऊ नका. दोन-तीन सरळ धुमारे ठेवा, खालच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत छाटा, शेंड्याला हात नको. घाणेरी पावसाआधी काढा: जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली तिची नवी रोपं उपटत राहा.

फलियात एकट्या जाऊ नका, दिरांना बरोबर न्या. गवत कापून न्यायला मोकळीक द्या, बकरी फक्त आत नको. कुंपणाबाहेरचा निम्मा तुकडा चराईला राहू द्या, पुढे आलटून-पालटून. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर पाला पेटवायची गरज उरत नाही. पहिल्या वर्षी जाळी तुम्हीच आणून द्या.

आणि पळस इतक्यात काढू नका. बकऱ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या आडोशाला काय काय उगवलंय ते आधी वाकून बघा, फोटो टाका.